मागे वळून बघायचं नाही

“आज तरी त्या दोघांना बोलतं करू का?” आईनं विचारलं.

प्रशिक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली रिलेची अंतिम शर्यत तासावर आली होती. सरावाच्या मैदानावर पोरं अंग मोकळं करत होती. आणि तिसऱ्या टप्प्यावर धावणाऱ्या थोरल्याची आणि चौथ्यावर धावणाऱ्या धाकट्याची ही आई नेमकी आत्ता समेटाची भाषा करत होती.

“नको, नको! म्हणजे... शर्यत होऊन जाऊ द्या. मग तुम्ही म्हणाल तसं.”

“बरं,” आई म्हणाली आणि मांडीवरची कापडी पिशवी सारखी करून बसली.

इतक्या पटकन ऐकणारी आई प्रशिक्षकांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यामुळे त्यांना जास्तच अपराधी वाटलं.

भांडण होतं बुटांच्या एका जोडीवरून. थोरल्याचे लाडके खिळ्यांचे बूट. एकाची नाडी लाल, दुसऱ्याची पांढरी, कारण एक पांढरी तुटली तेव्हा घरात हाताला लागली ती लाल. मागच्या वर्षी हे बूट घरातून नाहीसे झाले. धाकट्याला वस्तू वाटत सुटायची खोड होतीच. “तूच कुणाला तरी देऊन टाकलेस,” थोरला म्हणाला. धाकट्यानं आधी शपथा घेतल्या, मग तोही फुगला. तेव्हापासून अबोला. दुसऱ्या टप्प्यावरचा गडी शिबिरात त्यांच्याच खोलीत राहायचा. त्याचं नावच पोस्टमन पडलं.

“पोस्टमन, त्याला सांग, दिवा बंद कर म्हणावं.”

“पोस्टमन, त्याला सांग, हात मोडलेत का म्हणावं.”

शेवटी पोस्टमन उठून दिवा बंद करायचा.

गंमत अशी, की संघाचं नशीब उघडलं ते या अबोल्यानं. रिलेत पुढचा धावपटू जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवर नजर ठेवून उभा असतो. मागचा गडी पट्टीवर आला की यानं सुटायचं. हाक आली की बॅटनची दांडी घ्यायला हात मागे करायचा. वळून मात्र अजिबात बघायचं नाही. बघितलं की वेग गेला. आणि धाकटा नेमका बघायचा. दादा दमला का, दादा पोचतोय ना, म्हणून मान वळायचीच. अबोल्याआधीच्या दोन स्पर्धांत बॅटन खाली पडलं ते याच दोघांच्या हातांतून. प्रशिक्षकांनी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, एकदा तर मानेला पट्टा बांधून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

अबोला सुरू झाला आणि मान वळायची थांबली. ज्याचं तोंडही बघायचं नाही, त्याच्याकडे वळून कोण बघतंय!

समेट घडवणं हे एका चहाचं काम होतं. प्रशिक्षकांनी ते केलं नव्हतं. एका पदकासाठी आपण सख्ख्या भावांना तोडून ठेवलं, ही बोच त्यांना होती.

“तुम्हाला माझा राग नाही येत?” त्यांनी न राहवून विचारलं.

“तुमचा कशाला?” आई हसली. ती दवाखान्यात परिचारिका होती. “मी पेशंटना रोज सांगते, सुई टोचताना इकडे बघू नका. बघितलं की हात आखडतो. तरी मेले बघतातच.”

“मग हो?”

“मग काय, मन दुसरीकडे गुंतवायचं. चला, वेळ झाली.”

“द्या ती पिशवी, जड असेल.”

“राहू द्या, मी धरते.”

पोरांसाठी खाऊ असणार, असं समजून प्रशिक्षक पुढे झाले.

पिस्तूल वाजलं. पहिला गडी बरा सुटला. पोस्टमननं दुसऱ्या संघांच्या दोघांना मागे टाकलं. थोरला वळणावर असा धावला, की प्रशिक्षक उभे राहिले ते बसायचं विसरले. समोर धाकटा पट्टीकडे डोळे लावून उभा होता. पट्टीवर थोरल्याचा पाय पडला आणि धाकटा सुटला.

“धर!” थोरला ओरडला.

हात मागे आला. मान नाही आली. बॅटन हातात बसलं.

धाकट्यानं अखेरच्या पावलाला छाती पुढे टाकली. फलक बराच वेळ कोरा राहिला. मग नावं उमटली. तिसरा क्रमांक. पदक!

थोरला वळणावरून धावत आला आणि त्यानं धाकट्याला मिठीच मारली. “गेले खड्ड्यात ते बूट! दिलेस कुणाला तर दिलेस.”

“दादा, मी नाही दिले!”

“बरं बाबा, नाही दिलेस.”

“असं नाही. नीट म्हण.”

“नीट म्हणतो. नाही दिलेस.”

आणि दोघंही लहान पोरांसारखे रडायला लागले.

“म्हणजे माझी नोकरी गेली,” पोस्टमन म्हणाला.

वर बाकावर प्रशिक्षकांनी डोळे पुसले. छातीवरचं ओझं उतरलं होतं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “बाई, पुढच्या वर्षी परत स्पर्धा आहे. हा आता पुन्हा वळून बघणार!”

“बघणारच,” आई म्हणाली. तिनं खाली पोरांकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि पिशवी प्रशिक्षकांच्या हातात दिली. “हे आता तुमच्याकडे ठेवा, सर. पुढच्या वेळचं तुम्हीच बघा. मी एकटी कुठवर पुरणार?”

खाऊ समजून त्यांनी पिशवीत हात घातला आणि बोटाला खिळा टोचला. एकाची नाडी लाल होती, दुसऱ्याची पांढरी.