हैबत्याबरोबर कोण जाणार

तिसऱ्या दिवशीही हैबत्यानं चाऱ्याला तोंड लावलं नाही. बीदरला, मैलूरच्या एका परक्या गोठ्यात तो वळू उभा होता. समोर उद्धवराव कडब्याची पेंढी धरून उकिडवे बसले होते. “कामून खायना गेलास रे बाबा?” ते पुन्हा पुन्हा विचारत होते. हैबत्या पेंढीकडं बघायचा आणि मान फिरवायचा.

उद्धवरावांचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो नुसता वळूपायी नव्हे. गेल्या जत्रेत ब्राझीलचा एक मोठा गुरंवाला येऊन गेला होता. आपल्या देवणी जातीचा हा काळ्या तोंडाचा, पांढऱ्या अंगाचा वळू त्याच्या मनात भरला. त्यानं तो घेतला, आणि वर दोन वर्षं त्याला सांभाळायला इथलाच एक माणूसही मागितला. माणूस कोण, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. वळू उद्धवरावांचा. जत्रेत, पोळ्याला, मिरवणुकीत त्याची वेसण धरायचे तेही उद्धवरावच. पंचेचाळीस वर्षांत हा गृहस्थ औरादच्या बाजारापलीकडं दोनचारदा गेला असेल. त्यांना जायचं होतं, फार फार जायचं होतं.

चार महिने घरात दुसरं बोलणं नव्हतं. शाळेतले रामाचार्य मास्तर नकाशा घेऊन ओसरीवर यायचे. नकाशा निजामाच्या वेळचा, त्यावरची नावं उर्दूत. मास्तर बोट ठेवून मराठीत सांगायचे. मुंबईहून आगबोट, आफ्रिकेला वळसा, दीड महिना पाणीच पाणी. मग ब्राझीलचं दक्षिण टोक. समुद्रकाठी वाळूच्या टेकड्या, त्यांच्या आत अफाट तळी, एकीकडं गार डोंगर आणि खाली थेट उरुग्वेपर्यंत गवताचा माळ. आपल्याकडं मृग निघतो तेव्हा तिथं थंडी पडते, म्हणून दोन घोंगड्या घ्यायचं ठरलं. त्या सीमेवरची माणसं घरात एक भाषा बोलतात आणि बाजारात दुसरी, हे ऐकून तर उद्धवराव हरखलेच. म्हणजे आपलं औरादच की, घरात मराठी, बाजारात कानडी, म्हणाले. घोर एकच होता. हैदराबाद राज्याची वाटणी होणार होती. परत येईपर्यंत आपलं गाव कुठल्या राज्यात गेलेलं असेल, आणि तिथून पत्र टाकायचं तर पत्ता काय घालायचा?

राजूबाई, त्यांची बायको, दाराआड बसून हे सगळं ऐकायची. दोन्ही लेकी नांदायला गेलेल्या, त्यामुळं तिला ऐकायला सवड होती. चार महिन्यांत तिनं मास्तरांना एकच गोष्ट विचारली. समुद्राच्या वाऱ्यानं तिकडचं गवत खारट होत असेल, तर परमुलखातून आलेलं जनावर ते खाईल का? उद्धवराव हसले आणि चहा आण म्हणाले.

बीदरचे गुरांचे डॉक्टर विरुपाक्ष मात्र या बाबतीत कडक होते. बोटीवर जनावर उपाशी मेलं तर जबाबदार कोण, असं म्हणून त्यांनी आधी दहा दिवस वळू परक्या गोठ्यात ठेवायला लावला. सोबत जाणाऱ्या माणसाच्या हातून तो खातो का, ते बघायचं होतं. तीन दिवस झाले, खात नव्हता. उद्धवरावांनी हवेला बोल लावला, पाण्याला बोल लावला. चौथ्या दिवशी सकाळीच हार खाऊन त्यांनी गावाकडं निरोप धाडला.

दुपारच्या मोटारीनं राजूबाई आली. कुणाशी न बोलता आधी गोठ्यात शिरली. हैबत्याला तिनं चांगलं झापलं, पदरानं त्याचे डोळे पुसले. सरकीची पेंड भिजवून भुशात कालवली आणि ओंजळीनं पुढं धरली. हैबत्यानं ओंजळ चाटून पुसून साफ केली, मग पाटी, मग कडबा. बघणारे हसले. उद्धवरावही हसले, पण हसताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

राजूबाईनं नवऱ्याचं तोंड निरखलं. खानावळीत गिळवत न्हाई, ते पुटपुटले. चार दिवस ते चहावरच होते. तिनं फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, कारळ्याची चटणी. उद्धवराव खाली मान घालून जेवू लागले. तीन भाकरी संपेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. डॉक्टर एकदा त्यांच्याकडं बघत होते, एकदा वळूकडं.

मग डॉक्टरांनी कागद काढला. माणूस एकच जाईल, म्हणाले, आणि ज्याच्या हातचं वळू खातो तोच जाईल.

उद्धवरावांचा घास हातातच राहिला. बाईमाणूस, सातासमुद्रापार, दोन वर्षं. त्यांनी एकेक अडचण मांडली. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. तेव्हा उद्धवराव बायकोकडं वळले. चेष्टा नव्हती ती, खरंच काळजी होती.

“त्या मुलखात तुला जेवायला कोण वाढंल?”

राजूबाईनं उरलेली अर्धी भाकरी फडक्यात बांधली.

“लिवा डॉक्टरसाब, माझं नाव लिवा,” ती म्हणाली. “मला हितं तरी कोण वाढायलंय?”