पुढच्या बंदरापर्यंत

"बाबा, पुरे झालं आता. घरी चला," धक्क्यावरून वाकून सून म्हणाली.

बोटीच्या इंजिनात डोकं खुपसून बसलेले सासरे वर आले. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झालेला हा माणूस 'चार दिवसांत येतो' म्हणून छोटी मोटरबोट घेऊन निघाला, तो महिना उलटला तरी किनाऱ्याकिनाऱ्याने पुढेच चालला होता. चेहरा उन्हाने रापला होता, पण त्यावर ओशाळेपणा नावालाही नव्हता.

"माझ्या लेकाने पाठवलं वाटतं तुला?"

"तो आला असता तर तुम्ही दोघं भांडला असता. बाबा, हृदयाचं ऑपरेशन झालंय तुमचं!"

सासऱ्यांनी गोळ्यांची डबी पुढे केली. सुनेचं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलेलं. तिने एका नजरेत ओळखलं. एकही गोळी चुकली नव्हती. घरी मात्र एकेका गोळीसाठी नाकदुऱ्या काढाव्या लागत.

"पुढच्या बंदरापर्यंत चल," ते म्हणाले. "तिथे बोट ठेवायची सोय आहे. मग बसने परत. शब्द देतो."

बोट निघाली. ती कठडा घट्ट धरून बसली. शेवटी तिला राहवेना.

"पण दिवसभर करता काय तुम्ही?"

"रोज सकाळी ठरवतो, आज मागे फिरायचं. तेवढ्यात समोर जमिनीचं टोक दिसतं. म्हणतो, पलीकडे काय आहे तेवढं बघू आणि फिरू."

"आणि काय असतं?"

"परवा मिठागरं होती. काल नुसता कातळ. पण त्यावर एक खुर्ची ठेवलेली. माणूस कुठेच नाही."

"मग कोणी ठेवली?"

"तेच तर!" सासरे खुलले. "जन्मभर लोकांना वर-खाली केलं गं. पुढेही जाता येतं, हे डोक्यातच आलं नाही."

ती हसली. त्यांनी सुकाणूचं चाक तिच्या हाती दिलं. लाटेवर बोट कलली तशी ती किंचाळली, पण चाक सोडलं नाही. टोकाला वळसा पडला आणि तिने आपणहून वेग कमी केला. वाळूत एक जुनं जहाज अर्धं रुतलं होतं आणि त्याच्या डेकवर कपडे वाळत होते. लहान मुलांचेसुद्धा.

"बाबा, इथे कोण राहत असेल?"

सासरे गालात हसले.

बंदरात त्यांनी बोट बांधली. दिल्या शब्दाप्रमाणे पिशवी खांद्याला लावली. "चल, बस चुकेल."

ती जागची हलली नाही. दूरवर किनारा पुन्हा वळत होता. तिचा फोन वाजला. नवरा होता.

"भेटले का? निघालात का?"

"भेटले. ठणठणीत आहेत. ऐक ना, तूच ये. पुढच्या बंदरात."

"कुठल्या?"

"मला तरी कुठे माहीत?" ती म्हणाली. "पोचलो की सांगते."