सातांचं गाणं

सत्यमचा पाय चौथ्यांदा चुकला, तेव्हा संगमेशनं त्याला ड्रमवरून उठवलं.

"चालून दाखव," तो म्हणाला.

सत्यमला वाटलं, चेष्टा चाललीय. नांदेडचा, पंचविशीतला, हात चांगला फिरणारा ड्रमर होता तो. रविवारी लातूरच्या मैदानावर श्रीशैलच्या बँडचा मोठा कार्यक्रम होता आणि तो त्यात पहिल्यांदाच वाजवणार होता. तरी त्यानं ऐकलं. संगमेशच्या घरच्या दाळ मिलच्या वरच्या खोलीत बारदान्याच्या थप्प्यांमधून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागला.

"आता चालता चालता सात मोज. पायाकडं बघू नको."

खिडकीशी श्रीशैल गिटार घेऊन बसला होता. याच खोलीत त्यानं गिटारवर आणि संगमेशनं ड्रमवर सहा वर्षं तालीम केली होती, आणि बँडची गायिका मंजुश्री इथंच गायला शिकली होती. दीड वर्षात आज श्रीशैल पहिल्यांदा जिना चढून आला. सत्यमला चार दिवस झाले 'उन्हाचं कुलूप' हे गाणं बसत नाही, तेवढं सांगून टाक, असं त्यानं आदल्या दिवशी फोनवर म्हटलं होतं. मंजुश्रीचाही निरोप आहे म्हणाला. फोन ठेवता ठेवता ओशाळून आणखी एक बोलला, की सत्यमला जुनं काही सांगत बसू नको, उगाच रेकॉर्ड कंपनीपर्यंत जाईल.

संगमेश हाव, सांगतो म्हणाला. गाणं आपल्याच गावात पडायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

गाणं सात मात्रांचं. उदगीरच्या कॉलेजात पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा पोरांनी टाळ्या धरल्या, दुसऱ्या फेरीला टाळी उलटी पडली, आणि हसत हसत सगळी खाली बसली. एक मात्रा वाढव, आठ कर आणि मोकळा हो, असं श्रीशैलचं म्हणणं. संगमेशनं ऐकलं नाही. चार महिने तो मांड्यांवर, डब्यांवर, ताटावर बडवत राहिला. जेवताना बाप, ईश्वरप्पा, हात धरून थांबवायचा. मग एक दिवस सापडलं. हातानं गाण्याचे सात धरायचे, पण पायातला मोठा ड्रम एकाआड एक मात्रेवर चालूच ठेवायचा, फेरी संपली म्हणून थांबवायचा नाही. पहिल्या फेरीत पाय एकवर पडतो, दुसरीत दोनवर, आणि चौदा मात्रा झाल्या की हातापायांची पुन्हा गाठ पडते. ऐकणाऱ्यानं काही मोजायचं नाही. त्याचे पाय डावा-उजवा आपोआप चालतात. त्या वर्षी लातूरजवळच्या मुरुडला अख्खं मैदान त्यावर नाचलं. आपण सातावर नाचून राहिलो, हे एकालाही कळलं नाही.

पुण्याच्या कंपनीनं गाणं घेतलं. रेकॉर्डिंगला कानातल्या मशीनच्या टिकटिकीबरोबर वाजवताना संगमेश दोनदा पुढं पळाला. तिसऱ्यांदा त्याला बसवलंच नाही. कंपनीच्या माणसानं त्याचं वाजवणं ऐकून सगळं मशीनवर भरून घेतलं. पुढं ते गाणं लग्नांत, रिक्षांत, मोबाइलवर, जिथं तिथं वाजू लागलं. शब्द मंजुश्रीचे, चाल श्रीशैलची, ताल त्या माणसाचा, असं छापून आलं. पुढच्या गाण्याला तूच, असं श्रीशैल खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता. पुढची तीन गाणी आली आणि गेली.

इकडं खोलीत सात मोजताना सत्यमचे ओठ हलत होते. चौथ्या येरझारीला त्याचा चेहरा बदलला. तो वळला, पळत येऊन स्टुलावर बसला आणि वाजवू लागला. पाय सरळ चालला. चौदाव्या मात्रेनंतर गाठ पडली, परत पडली, पडत राहिली. श्रीशैलचे हात न सांगता गिटारवर गेले. खाली हमाल माना वर करून उभे राहिले. संगमेशच्या अंगावर काटा आला. मग त्याच्या ध्यानात आलं, की हा गडी कुठंच पुढं पळत नाही. आपल्यापेक्षा पक्का वाजवून राहिलाय.

गाणं संपलं. सत्यमनं कपाळाचा घाम पुसला.

"काय डोकं हाय हो त्या कंपनीवाल्याचं," तो म्हणाला. "एकदा पाया पडायचंय त्याच्या. तुम्हाला कसं सापडलं हे भाऊ? ऐकून ऐकून?"

श्रीशैल गिटारची खुंटी पिळत होता. त्याचा हात तिथल्या तिथं थांबला. संगमेशनं त्याच्याकडं बघितलं. श्रीशैलनं मान वर केली नाही.

"हाव," संगमेश म्हणाला. "मोबाइलवर ऐकून."

सत्यम उठला आणि वाकून त्याच्या पाया पडला. तुम्ही नसता तर रविवारी माझी लाज गेली असती, म्हणाला. मग खिशातून मोबाइल काढला.

"तुम्ही यायचंच रविवारी. गेटवर तुमचं नाव देऊन ठेवतो, पुढं बसा. नाव काय म्हणलात तुमचं?"

संगमेशनं खाली पडलेला बारदाना उचलला आणि ड्रमवर ओढला.

"दाळ मिलवाले, एवढंच लिही," तो म्हणाला.

सत्यमनं तसंच लिहून घेतलं.