पाच चाळीसचं नाव

"ते काही नाही. जुना पासवर्ड राहील," मोठ्या बाई म्हणाल्या आणि संगणकाच्या टेबलावरचा कापूस उगाचच पदराने झटकला.

संगणकवाली सकाळपासून तिसऱ्यांदा समजावत होती. गाद्या-उशांच्या ऑर्डरी ज्या वेबसाइटवर येतात, तिचं अ‍ॅडमिन पॅनल म्हणजे दुकानाची मागची खोली. ती उघडायचे पासवर्ड सात वर्षं तेच. काम सोडून गेलेल्यांनाही पाठ. आता तिथे सोशल लॉगिन बसवायचं. ज्याने त्याने आपल्या मेलच्या खात्याचं बटण दाबायचं, की आत.

"म्हणजे शिरायचं आपल्याच घरात आणि ओळख पटवायची शेजाऱ्याने!"

"मावशी, जास्त सुरक्षित असतं ते."

"चौथीत शाळा सुटली माझी. पण घराची किल्ली दुसऱ्याच्या खुंटीला टांगू नये, एवढं कळतं मला."

खाली कापूस पिंजायचं यंत्र घरघरत होतं. सून खुर्चीत बसून स्क्रीनवरच्या पहिल्या ओळीकडे बघत होती. रोज आधी ती ओळ, मग ऑर्डरी. आजही तिथे होतं : शेवटचा प्रवेश, उनाड, सकाळी पाच चाळीस.

उनाड म्हणजे तिचा नवरा. आईच्या तोंडची लाडकी शिवी त्याने आपल्या खात्याला नाव म्हणून दिली होती आणि त्यावर स्वतःच पोट धरधरून हसला होता. चार वर्षांपूर्वी मायलेकांचं कडाक्याचं वाजलं. "पुन्हा या उंबऱ्यावर तोंड दाखवू नकोस," असं मोठ्या बाई बोलून गेल्या. पोरगा आईच्याच वळणावर गेलेला. खरंच निघून गेला. फोन नाही, पत्र नाही.

सुनेने अंथरूण धरलं. वर्षभरात पार चिपाड झाली. मोठ्या बाई भरवायला बसल्या की तोंड भिंतीकडे. त्याच सुमारास त्या दोन दिवस बहिणीकडे जाऊन आल्या. एरवी चार पिशव्यांशिवाय परतत नसत, त्या खेपेला एकच कापडी पिशवी छातीशी धरून आल्या. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी पॅनलवर ते नाव उमटलं. शिलाईवाल्या बाईने पाहिलं आणि ती ओरडतच जिना उतरली. त्या दिवशी सून उठून बसली. पोटभर जेवली.

तेव्हापासून तीन वर्षं नाव रोज उमटत होतं. ना निरोप, ना चौकशी, नुसतं डोकावून जाणं. एकदा सून पाच वाजताच वर येऊन बसली, तर त्या दिवशी नाव आलंच नाही. "पाळत ठेवल्यावर येईल का तो? माझ्याच पोटचा आहे, माझ्यासारखाच हट्टी," मोठ्या बाईंनी सुनावलं होतं. पुन्हा ती कधी लवकर वर आली नाही.

"ते कुठून येतात, ते नाही का हो कळत?" सुनेने आता विचारलं.

"हे जुनं पॅनल तेवढं सांगत नाही," संगणकवाली म्हणाली. "नव्यात नावाशेजारी फोटो येईल. त्यांच्या मेलवर मी आमंत्रण धाडते. त्यांनी एकदा बटण दाबलं की झालं."

"फोटो." सून वळली. "आई, ह्यांचा फोटो दिसेल. आत्ताचा."

"अगं, जुनं दार बंद केलंस तर तो येणारच नाही."

"तीन वर्षं न चुकता येणारा माणूस एका बटणाला अडेल?"

"अडेल! मी सांगते ना, अडेल!" मोठ्या बाईंचा आवाज चिरकला. मग त्या हळू बोलल्या, "नाव दिसतंय, तेवढ्यावर भागव बाळा. तू पुन्हा अंथरूण धरलंस तर तुला उठवायचं बळ नाही आता माझ्यात."

सून उभी राहिली. "कारखाना माझ्या नावावर केलात ना, आई?"

मोठ्या बाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. असं ताठ मानेने बोलायला त्यांनीच शिकवलं होतं तिला.

"केला," त्या म्हणाल्या.

"मग करा हो जुनं बंद," सून संगणकवालीला म्हणाली.

संध्याकाळपर्यंत काम उरकलं. आमंत्रण गेलं. सुनेने केस विंचरले, खिडकीच्या उजेडात उभं राहून स्वतःचा नवा फोटो काढला आणि आपल्या खात्याला लावला.

"ते डोकावतील तेव्हा मीही दिसेन ना. आई, खरं सांगा, वाळलेली दिसते का मी?"

"नाही गं," मोठ्या बाई म्हणाल्या. "चांगली दिसतेस. तो होता तेव्हासारखीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच चाळीसला वरच्या खोलीत दिवा लागला नाही, नुसता स्क्रीन उजळला. खुर्चीत मोठ्या बाई होत्या. नेहमीसारखं एक बोट पुढे करून त्या अक्षरं शोधू लागल्या, पण अक्षरं टाकायला आता चौकटच उरली नव्हती. एक बटण होतं फक्त. मांडीवरच्या कापडी पिशवीतून त्यांनी लेकाची छोटी डायरी काढली आणि पासवर्डाचं पान पुन्हा वाचलं, जणू काल आपण काही चुकीचं वाचलं होतं. तेवढ्यात जिन्यावर सुनेची पावलं वाजली. घाईने डायरी आत कोंबताना पिशवी उलटी झाली. त्याचं घड्याळ जमिनीवर पडलं, चष्मा पडला आणि पडला तीन वर्षांपूर्वीचा इस्पितळाचा कागद, ज्यावर 'प्रेत ताब्यात मिळाले' या ओळीखाली आईची मोडकीतोडकी सही होती.