जन्माच्या आठवड्यातली पहिली पानं

तिसरं पान उलगडलं आणि टकळीची बडबड बंद पडली.

वर्गात, घरी, बसथांब्यावर, कुठेच तिच्या तोंडाला विसावा नसे, म्हणून सगळे तिला टकळीच म्हणत. ग्रंथालयाच्या तळघरात जुने पेपर सांभाळणाऱ्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय गं, वाचा बसली?"

"काही नाही काका. धूळ गेली नाकात."

पत्रकारितेच्या मॅडमनी गृहपाठ दिला होता. आपल्या जन्माच्या आठवड्यातले चार पेपर काढायचे, त्यांची पहिली पानं शेजारी शेजारी ठेवायची, आणि एकच बातमी चौघांनी कशी मांडली ते उद्या वर्गासमोर सांगायचं. टकळीनं जन्मगावचे पेपर मागवून घेतले होते. ते गाव तिनं कधी पाहिलं नव्हतं. इथे राहायला आलो तेव्हा तू जेमतेम तीन महिन्यांची होतीस, एवढंच आई सांगायची.

बातमी चौघांकडे एकच होती. मोठ्या हॉस्पिटलातून दोन दिवसांची मुलगी चोरीला.

पहिल्यानं ती पानभर रुंद मथळ्यात छापली होती. दुसऱ्यानं मंत्र्यांच्या फोटोखाली ढकलली होती. तिसऱ्यात मोठा फोटो होता. रिकामी खाट, आणि खाटेच्या कडेला ओंजळीत तोंड लपवून बसलेली बाई. खाली लिहिलं होतं, 'नर्सच्या वेशातल्या बाईनं बाळ नेलं.'

हॉस्पिटलचं नाव टकळीच्या जन्मदाखल्यावरचं होतं. बाळाची जन्मतारीखही तिचीच.

असतील की त्या दिवशी तिथे दहा मुली जन्मलेल्या, तिनं स्वतःला बजावलं. पण डोकं ऐकेना. आई नर्स. घरातला तिचा पहिला फोटो तीन महिन्यांचा, त्याआधीचा एकही नाही. ना मामा, ना मावशी, जन्मगावचं कुणी कधी दारात आलं नाही. आणि घरात पेपर म्हणून कधी यायचा नाही. बाबा होते तेव्हाही नाही. "रद्दी साठते," आई म्हणायची.

चौथ्या पेपरानं खूण दिली होती. बाळाच्या डाव्या घोट्यावर लाल डाग.

टेबलाखाली टकळीनं बूट काढला, मोजा खाली ओढला. घोटा स्वच्छ होता. तिनं सुटकेचा श्वास टाकला. मग मोबाइलवर शोधलं. असे काही डाग वर्ष-दोन वर्षांत आपोआप पुसट होतात, असं तिथे लिहिलं होतं. तिनं मोजा पुन्हा वर ओढला.

तिनं चारही पानांच्या प्रती काढून घेतल्या आणि तडक घर गाठलं.

आई उद्याच्या ड्युटीचा गणवेश इस्त्री करत होती.

"आई, मी झाले तेव्हा तू नोकरी करत होतीस?"

"हो. तिथल्याच हॉस्पिटलात."

"कुठल्या वॉर्डात?"

"बाळंतिणींच्या. का गं?" इस्त्री थांबली नाही. "आज टकळी फिरत नाहीये तुझी. भांडलीस कुणाशी?"

टकळीनं बॅग उघडली आणि चारही कागद गणवेशावरच पसरले.

आईनं पहिला वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्यावर तिची नजर थिजली. इस्त्री कापडावर तशीच राहिली आणि करपल्याचा वास सुटला. टकळीनंच धावत जाऊन बटण बंद केलं.

बसमध्ये तिनं दहा वाक्यं जुळवली होती. त्यातलं शेवटचंच आधी बाहेर पडलं.

"खरं सांग. मी रागावणार नाही, कुणाला सांगणारही नाही. हे बाळ म्हणजे मीच ना? तू नेलंस मला?"

आईनं फोटोतल्या बाईवर बोट ठेवलं. "हिला ओळखलंस?"

"तोंड कुठे दिसतंय? पण तीच माझी खरी आई असणार." टकळीनं फोटो जवळ ओढला. "आहे का गं ती अजून?"

"ही मी आहे."

 छातीवरचा धोंडा उतरला तशी टकळी मटकन खुर्चीत बसली आणि रडता रडता हसू लागली.

"म्हणजे चोरी तुझ्याकडे झाली! आणि मी वेडी तुलाच... आई गं, काय काय मनात आणलं मी दिवसभर! तू कधी बोलली का नाहीस? मग सापडले कधी मी? पोलिसांनी आणलं? बातमी आली असेल की नाही, मोठ्ठी, फोटोबिटो छापून? मी पुढचे पेपर मागवलेच नाहीत बघ. उद्या वर्गात हेच सांगते, सगळे गार पडतील!"

आईनं तिला बोलू दिलं. बोलून बोलून ती दमली, तेव्हा आई समोरची खुर्ची ओढून बसली.

"ती सापडली नाही."

टकळीला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आई तिच्याकडे बघत नव्हती. कागदांच्या कडा एकीला एक जुळवत होती.

"मग मी?"

"तुझ्या चोरीचं पहिल्या पानावर आलं नाही. निवडणुकीचे निकाल होते त्या दिवशी," आई म्हणाली. "इथलाच पेपर काढ, मी आणि तुझे बाबा, दोघंच राहायला आलो त्या आठवड्यातला. पान पाच, अगदी खाली. चार ओळी आहेत."