डॉक्टरांचं इंग्रजी

डॉक्टर फेरीला यायचे, लेकीशी इंग्रजीत बोलून निघून जायचे आणि आई नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. लेक शाळेत इंग्रजीच शिकवायची. उशाशी बसून दिवस सरेना, म्हणून तिनं आईलाच शिकवायला घेतलं. टेक मेडिसिन म्हणजे औषध घ्या, टेक रेस्ट म्हणजे आराम करा, टेक अ डीप ब्रेथ म्हणजे मोठा श्वास घ्या.

"हे टेक म्हणजे घरातली थोरली सून दिसतेय," आई म्हणाली. "सगळ्या कामांना आपली हीच!"

तेव्हापासून डॉक्टर आले की आई कान टवकारून बसायची. त्यांच्या तोंडून टेक निघालं रे निघालं, की लेकीला डोळा मारायची.

आज डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, आईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि लेकीकडे वळून हळूच म्हणाले, "टेक हर होम."

ते जाताच आईनं टाळी वाजवली. "समजलं मला, तू नको सांगूस! घरी न्या म्हणाले. ऊठ, पिशवी काढ आधी."

पिशवीसाठी लेक कॉटखाली वाकली, ती लवकर वर आलीच नाही.

"अगं, पण विसरले वाटतं मेले," वरून आईचा आवाज आला. "रोज टेक मेडिसिन म्हणतात. आज औषधाचं काहीच बोलले नाहीत. जा बरं पळत, विचारून ये."