घळ कुणी दाखवायची

मॉस कुत्रा दगडी गडग्यापाशी बर्फ उकरू लागला, तशी जॉसने लांब काठी आत खुपसली. ती कशाला तरी मऊ लागून थांबली.

"इथंच आहेत," तो म्हणाला. आणि त्याने फावडं उचललं.

तो आणि त्याची बायको एडना, दोघांनी फावड्यांनी बर्फ उपसला. गडग्याच्या आडोशाला मेंढ्या एकमेकींना चिकटून, उभ्याच्या उभ्या गारठून मेल्या होत्या. गडगा वारा अडवतो खरा, पण बर्फ साचतो तोही त्याच्याच आडोशाला. इंग्लंडातल्या कम्ब्रियाच्या या डोंगरावर जन्मलेल्या मेंढीला ते ठाऊक असतं. वादळाची चाहूल लागली की ती सरळ वरच्या खडकाखालची घळ गाठते.

"काल म्हटलं होतं मी, वर जा, हाकलून आण," एडना म्हणाली.

"आपल्या मेंढरांना वादळात हाकलायला कधी कुणी गेलंय? बापाच्या वेळेपासून आपली आपण घळीत जातात."

"त्या जात होत्या रे, जॉस. त्या गेल्या."

वसंतात लाळ-खुरकुताची साथ आली आणि ती पसरू नये म्हणून सरकारी माणसांनी सगळा जुना कळप मारला. ह्या मेंढ्या उत्तरेकडच्या खोऱ्यातून विकत आणलेल्या. ह्याही गेल्या तर डोंगर सोडायचा, असं दोघांचं ठरलं होतं. तरी काल वारा फिरला तेव्हा हा बाबा जन्माच्या सवयीने शेकोटीपुढे पाय पसरून चहा पीत बसला. एडनाला त्याचा संताप आला होता, आणि कीवही.

सगळ्यांत खाली एकीत धुगधुगी सापडली. गोणपाटाने चोळचोळ चोळली तेव्हा तिने डोळे उघडले. जॉसने तिला खांद्यावर घेतलं आणि तो चढाला लागला.

"गोठा खाली आहे, म्हाताऱ्या! निघालास कुठं?"

"घळीत. कोकरू आईशेजारी बसून जागा शिकतं. हिला कोण दाखवणार?"

"आणि तूच गारठून मेलास म्हणजे?"

"मग तू ये दाखवायला."

शिव्या घालत एडना मागोमाग घळीच्या तोंडापर्यंत गेली. खडकाखाली जॉस मांडी घालून बसला होता, लोकरीत बोटं रुतवून, मेंढीशी काहीबाही पुटपुटत. ती हिसके देत नव्हती. फक्त तिचं तोंड बाहेर होतं, उत्तरेला, तिच्या जुन्या खोऱ्याकडे. जॉस ते दोन्ही हातांनी हळूच आत वळवी. हात सुटला की ती पुन्हा तिकडेच बघत राही.